पोसणाऱ्याची जबानी

मला रॅव्हन आवडतो, हे आधीच सांगून टाकते. पुढची सगळी जबानी त्याच्या विरोधात जाणार आहे आणि साक्षीदाराचे लागेबांधे अगोदर कळलेले बरे. डोमकावळ्याहून थोराड, वजनाला किलोभर, गळ्याशी विस्कटलेली दाढी, पाचरीच्या आकाराची शेपटी, आणि घशाच्या तळातून येणारा घोगरा आवाज. वाऱ्यावर असताना हा पक्षी निव्वळ मजा म्हणून उलटा होऊन उडतो. यलोस्टोनमध्ये तो पर्यटकांच्या पिशव्यांच्या चेन चोचीने उघडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेज नावाचा राखीव समुद्रकिनारा आहे. तिथल्या वाहनतळावर तो गाडीच्या टपावर बसून माणसं निरखतो: कोण डबा उघडणार, कुणाचं पोर चिप्स सांडणार. माझ्याकडे मान वाकडी करून त्याने एकदा बघितलं, तेव्हा माझ्याकडून काय मिळेल याचा अंदाज त्याने बांधून टाकल्याचं मला स्पष्ट कळलं.

ज्याची बाजू घ्यायला मी उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून उभी राहते, तो स्नोई प्लव्हर मात्र मला कधी तितका भिडला नाही. चिमणीहून जरासा मोठा, चाळीसेक ग्रॅमचा, वाळूच्याच रंगाचा. पळता पळता थांबला की दिसेनासा होतो. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात जो केंटिश चिखल्या तुरुतुरु धावताना दिसतो, त्याचा हा इतका जवळचा भाऊबंद की २०११ पर्यंत अमेरिकेतले पक्षिशास्त्रज्ञ दोघांना एकच जात धरत असत. त्याला गाणं नाही, रुबाब नाही, डोळ्यात डोळा घालून बघणं नाही. लोक मला विचारतात, "कुठे आहे तो पक्षी?" मी दुर्बीण लावून दाखवते. "हा?" म्हणतात, आणि पाठीमागे डबा उचकटणाऱ्या रॅव्हनचा फोटो काढायला वळतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. ड्यूटी नसती तर मीही वळले असते.

माझी तक्रार माझ्याबद्दलच आहे. माझी दया आधी त्याच्याकडे धावते जो माझ्याकडे बघतो. जो बघत नाही, लपतो, त्याच्या वाट्याला फार तर माझी तत्त्वं येतात.

या प्लव्हरचं घरटं म्हणजे वाळूत छाती घासून केलेला उथळ खळगा. त्यात शंखशिंपल्यांचे तुकडे, एखादी काटकी, आणि ३ अंडी. आडोसा काहीच नाही. दिवसा बहुतेक मादी बसते, रात्री नर. अठ्ठावीसेक दिवस हे चालतं. पिलं बाहेर आली की बऱ्याचदा मादी दुसऱ्या नराबरोबर नवा संसार मांडायला निघून जाते आणि महिनाभर बापच पिलांना सांभाळतो. सांभाळतो म्हणजे भरवत नाही. कापसाच्या बोळ्यांएवढी ती पिलं काही तासांतच खळगा सोडतात आणि स्वतःच किडे टिपत हिंडतात. बाप पहारा देतो, धोका दिसला की आवाज देतो, थंडी वाजली की पंखाखाली घेतो. या सगळ्या व्यवस्थेची भिस्त एकाच गोष्टीवर आहे: शत्रूला ते दिसू नये.

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या या प्लव्हरला १९९३ मध्ये अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त ठरवलं. २००७ च्या पुनर्वसन आराखड्यात उद्दिष्ट ठेवलं ते ३,००० प्रौढ पक्ष्यांचं, आणि तो आकडा १० वर्षं टिकला पाहिजे असं. कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सगळा किनारा धरून ३,०००. किनारा तसा लांबलचक आहे, पण त्यातली जागा आक्रसत गेली. वाळू उडू नये म्हणून माणसांनी युरोपातून आणलेलं गवत लावलं. ते टेकड्यांवर दाट माजलं, आणि उघड्या वाळूवर राहणारा हा पक्षी लाटा आणि गवत यांच्यामधल्या पट्ट्यात येऊन ठेपला. अरुंद पट्ट्यात शोधणं सोपं असतं, रॅव्हनसारख्या शोधकाला तर फारच.

१९९० च्या दशकात पॉइंट रेजमध्ये घरट्यांभोवती तारेच्या जाळीचे पिंजरे लावायला सुरुवात झाली. जाळीच्या भोकांतून प्लव्हर आत-बाहेर करू शकतो, रॅव्हन करू शकत नाही. अंडी वाचू लागली, जास्त पिलं बाहेर पडू लागली. पण पिलं पिंजऱ्यात थांबत नाहीत. त्यांचं पोट बाहेर आहे, आणि बाहेर रॅव्हन आहे. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी असंही दिसलं की पिंजरा म्हणजे शिकारी पक्ष्यांसाठी पाटीच झाली, आणि अंडी वाचवण्याच्या नादात उबवणारे आईबापच ससाण्यांच्या तोंडी गेले. एक उपाय केला की त्याची किंमत मोजायला दुसरा कुणीतरी पुढे येतो. या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा पिंडच त्यामुळे जरा उदास असतो. मी त्यांच्याबरोबर कॉफी प्यायले आहे, म्हणून सांगते.

मग तो शनिवार-रविवारचा अभ्यास. १९९९ आणि २००० या दोन उन्हाळ्यांत पॉइंट रेजमधल्या संशोधकांनी पिलं कोणत्या दिवशी नाहीशी होतात ते मोजलं. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवशी पिलं जाण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त निघालं, दोन्ही वर्षी. कुणी पिलं मारायला गेलं नव्हतं. लोक फिरायला आले होते, एवढंच. माणूस जवळून गेला की बाप पिलांपासून दूर पळतो, पिलं वाळूत दबून बसतात, खाणं थांबतं, ऊब जाते. आणि जिथे माणूस तिथे रॅव्हन, कारण जिथे माणूस तिथे खाणं.

हा अभ्यास वाचला तेव्हा मला माझं स्वयंसेवकपण जरा हास्यास्पद वाटलं. मी तिथे शनिवारी जाते, कारण सोमवार ते शुक्रवार नोकरी आहे. दीड तास गाडी हाणत जाते. डब्यात पोळीभाजी असते. खाताना पोळीचे कण पडतात, ते मी उचलते. उचलते खरी, पण सगळे? रॅव्हनचा हिशोब कणांवर चालत नाही, शक्यतेवर चालतो. शंभर डबे उघडले की त्यातला एक सांडतो, हे त्याला कळतं. मी कण न सांडणारी असले तरी त्या शंभरांतली एक आहे. कॅलिफोर्नियाच्या रेडवुड जंगलांतल्या उद्यानांत 'एकही कण सांडू नका' अशी मोहीमच आहे, कारण तंबूवाल्यांच्या उष्ट्यावर पोसलेले 'जे' नावाचे पक्षी आणि रॅव्हन मार्बल्ड मरलेट नावाच्या दुर्मीळ समुद्रपक्ष्याची अंडी खातात. तिथल्या पाट्या वाचल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या सहलीत चिवड्याची पुडी फोडताना माझा हात अडखळला होता. चिवडा न सांडता खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण पोळी आणि चिवडा या वरवरच्या गोष्टी झाल्या. मला टोचते ती गोष्ट दुधाची आहे.

पॉइंट रेजमध्ये १८५० च्या दशकात दुग्धव्यवसाय सुरू झाला. १९६२ मध्ये हा किनारा राष्ट्रीय उद्यानासारखा राखीव झाला, पण गोठे राहिले, भाडेपट्ट्यावर. वारा अडवायला लावलेले सायप्रसचे वृक्ष, खांब, छपरं, पाण्याच्या टाक्या: एकेकाळच्या उघड्या, वाऱ्याच्या माळावर रॅव्हनला बसायला आणि घरटं करायला उंचीच उंची मिळाली. आणि खाणं? गव्हाणीत सांडलेलं धान्य, आंबवलेला चारा, गाय व्यायली की पडणारी वार, मेलेलं वासरू, शेणातले किडे. मुरघासासाठी गवत कापलं की कापलेल्या शेतात रॅव्हन उतरतात आणि यंत्राखाली जे सापडलं असेल ते टिपतात. बारा महिने, अठरा काळ. गाई हिवाळ्यातही खातात, म्हणून रॅव्हनही खातो.

यातलं गणित नीट समजायला मला बराच काळ लागला, म्हणून ते सावकाश मांडते. जो शिकारी फक्त शिकारीवर जगतो, त्याची संख्या शिकार कमी झाली की आपोआप उतरते. घुबड उंदरांवर जगतं. उंदीर संपले की घुबडं उपाशी राहतात, पिलं कमी होतात, उंदरांना श्वास घ्यायला उसंत मिळते. रॅव्हनचं पोट गोठ्यावर आणि कचऱ्यावर भरतं. प्लव्हरची अंडी त्याच्यासाठी तोंडीलावणं आहे. प्लव्हर हजार असोत की दहा, रॅव्हनच्या संख्येला ढिम्म फरक पडत नाही. शेवटचं अंडं खाल्ल्यावरही तो संध्याकाळी पोटभर जेवून झोपेल. उपासमारीचा जो लगाम निसर्गाने शिकाऱ्याच्या तोंडात घातला होता, तो आपण काढून ठेवला आहे. तोही क्रूरपणे नव्हे, खाऊ घालून.

हेच नेव्हाडा आणि आयडाहोच्या कोरड्या माळांवर सेज ग्राउज या जमिनीवर अंडी घालणाऱ्या मोठ्या कोंबडवर्गीय पक्ष्याच्या बाबतीत घडलं. तिथे गोठ्यांच्या जोडीला कचराडेपो, रस्त्यांवर मेलेली जनावरं आणि विजेचे मनोरे आहेत. ओरेगन आणि दक्षिण आयडाहोमधून एक ५०० किलोव्होल्टची वाहिनी टाकली गेली. झाडाचा पत्ता नसलेल्या त्या माळावर १० वर्षांच्या आत तिच्या मनोऱ्यांवर शिकारी पक्षी आणि रॅव्हन मिळून १३३ जोड्या घरटी करू लागल्या, आणि त्यांत सर्वांत जास्त रॅव्हन होते. घरट्यांवर कॅमेरे लावले तेव्हा ग्राउजची अंडी उचलणारा रॅव्हन प्रत्यक्ष दिसला. नाहीतर 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' असं म्हणून सोडून देता आलं असतं. ग्राउजची संख्या १९६५ पासून सुमारे ८० टक्क्यांनी घटली, असं २०२१ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सांगितलं. त्याला वणवे, आक्रमक गवत, तेलविहिरी अशी अनेक कारणं आहेत. रॅव्हन त्यांतलं एक. पण आधीच अंगण आक्रसलेल्या पक्ष्याच्या दारात तो उभा असतो.

आता माझं दूध. मी वर्षानुवर्षं त्या भागातल्या गोठ्यांचं सेंद्रिय दूध घेत आले. काचेची बाटली, वर साय, लेबलावर हिरवी टेकडी, धुकं आणि एक समाधानी गाय. श्रीखंडाचा चक्का त्याच दुधाच्या दह्याचा उत्तम उतरतो. मांस आमच्या घरात नाही. आपल्या जेवणामुळे कुणाचा जीव जात नाही, असं मी उघड म्हणत नसले तरी आतून मानत होते. गाय सुखी, माळ हिरवा, शेतकरी छोटा. त्या लेबलावरच्या टेकडीपलीकडे दोन-तीन मैलांवर किनारा आहे, हे मला ठाऊक होतं. मी त्याच टेकडीवरून गाडी हाकत किनाऱ्यावर जात होते, रॅव्हनला खाऊ घालू नका असं लोकांना सांगायला. पिशवीत त्याच दुधाचं दही असायचं. दोन गोष्टी माझ्या डोक्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत. हे अज्ञान नव्हतं. मला माहिती होती. ती जोडायची सवड मी स्वतःला देत नव्हते, कारण जोडली असती तर श्रीखंड सोडावं लागलं असतं.

मग जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली. पर्यावरण संघटनांनी केलेला दावा मिटला आणि पॉइंट रेजमधल्या १२ पशुपालकांनी भरपाई घेऊन जागा सोडायचं मान्य केलं. बातमी वाचून मला आनंद झाला. दुसऱ्या वाचनात त्या गोठ्यांवर राबणाऱ्या, तिथल्याच घरांत राहणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांचा उल्लेख दिसला. त्यांचं घर जाणार होतं. प्लव्हरसाठी माझा आनंद किती चटकन आला आणि त्या माणसांचा विचार किती उशिरा, हेही इथे नोंदवून ठेवते. स्वतःला प्राणिमित्र म्हणवणाऱ्या बायांमध्ये हा दोष असतो. माणूस दिसला की आमची दृष्टी जरा मंदावते.

आणि गोठे गेले म्हणून रॅव्हन जातील का? लगेच नाही. रॅव्हन दीर्घायुषी पक्षी आहे, एकदा हद्द धरली की जोडी ती वर्षानुवर्षं सोडत नाही. गव्हाणीतलं आटलं तर काही काळ त्याची नजर किनाऱ्याकडे अधिकच वळेल. खाऊ घालणं थांबवणं हाच खरा इलाज आहे हे मान्य. पण तो इलाज लागू पडेपर्यंत या वर्षीच्या तीन अंड्यांचं काय, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

इथे मारण्याचा विषय येतो, आणि इथेच मी सगळ्यात जास्त टाळाटाळ केली आहे.

अमेरिकेत रॅव्हनला कायद्याचं संरक्षण आहे, स्थलांतरित पक्ष्यांच्या करारान्वये. पण परवाना काढून सरकारी माणसं त्यांना मारतात. सेज ग्राउजच्या मुलखात पद्धत अशी: कोंबडीची उकडलेली अंडी घ्यायची, त्यांत डीआरसी-१३३९ नावाचं विष भरायचं आणि ती माळावर ठेवायची. रॅव्हन ते अंडं खातो, मूत्रपिंडं निकामी होतात, एक ते तीन दिवसांत मरतो. हेच रसायन स्टारलिसाइड या नावाने केनियात आपल्या कावळ्यांवर वापरलं जातं. आपले, म्हणजे अगदी आपले, घराच्या छपरावर काव काव करणारे. १८९० च्या दशकात कचरा साफ करायला म्हणून ते झांझिबारला नेले गेले. तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरले आणि तिथल्या छोट्या पक्ष्यांची घरटी लुटू लागले. २०२४ मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने वर्षअखेरीपर्यंत १० लाख कावळे मारायचं जाहीर केलं. सफाई कामगार म्हणून बोलावायचं, उकिरडा कायम ठेवून पोसायचं, आणि संख्या वाढली की विष घालायचं. उकिरडा कुणाचा, हा प्रश्न यात कुठेच येत नाही.

मला विचारलं असतं तर वर्षभरापूर्वीपर्यंत मी ठामपणे सांगितलं असतं, मारू नका, पोसणं थांबवा. ऐकायला किती स्वच्छ वाटतं. यात माझे हात कोरे राहतात, एवढा एकच त्याचा फायदा आहे. पोसणं थांबत नाही, कारण पोसणाऱ्यांत मीच आहे. आणि मारणं मी नाकारते, कारण मारणारी म्हणून मला स्वतःकडे बघायचं नाही. या दोन्हींच्या मधल्या काळात जे मरतं ते वाळूच्या रंगाचं असतं आणि ते कुणाला दिसत नाही. रॅव्हन मेला तर तो दिसेल. किलोभराचा काळा पक्षी वाळूवर पडलेला सगळ्यांना दिसतो. माझी अहिंसा बऱ्याच अंशी न दिसण्यावर बेतलेली आहे, हे कबूल करायला मला जड जातं, पण त्याहून वेगळं काही सापडलं नाही.

आज माझं मत काय? सरसकट विष घालण्याला माझा विरोध आहे, आणि तो रॅव्हनच्या प्रेमापुरता नाही. जोवर ताट वाढलेलं आहे तोवर मारलेल्याच्या जागी नवा येऊन बसेल. पण किनाऱ्यावर एखादी जोडी अशी असते की तिने प्लव्हरची घरटी शोधण्यात कसब मिळवलेलं असतं. बाकीच्यांना जमत नाही ते तिला जमतं, आणि तिची पिलंही बघून शिकतात. तज्ज्ञांनी पाहून, तीच जोडी ओळखून काढून टाकायची ठरवली, तर मी त्यावर सही करेन. हे वाक्य लिहिताना मी उठून चहा करून आले. रॅव्हनची अंडी तेल लावून निष्फळ करण्याची पद्धतही आहे, पिलं न होऊ देण्याची. ती त्यातल्या त्यात मला सोसते. पण फक्त सोसणाऱ्या उपायांचा पुरस्कार करायचा, ही पुन्हा तीच जुनी सोय.

साताऱ्याकडे गेले की हाच हिशोब दुसऱ्या चलनात दिसतो. भावाचा पोल्ट्रीचा शेड माळाच्या कडेला आहे. मेलेल्या कोंबड्या मागच्या खड्ड्यात जातात, खड्डा नेहमी बुजवलेला असतोच असं नाही. कावळे, घारी, कुत्री यांचा तिथे राबता असतो. त्याच माळावर टिटव्या उघड्यावर अंडी घालतात, आणि रात्री-अपरात्री त्यांचं ओरडणं ऐकून गावातली माणसं अपशकुन म्हणून कपाळाला आठ्या घालतात. "दादा, खड्ड्यावर माती टाकत जा रे," एवढंच मी म्हणाले. तो म्हणाला, "टाकतो की, जेसीबी आला की." पैशाचं गणित मी विचारलं नाही. अमेरिकेतून येऊन भावाला खड्ड्यावरून शिकवणाऱ्या बहिणीचं गावात काय होतं, ते मला माहीत आहे.

गेल्या भाद्रपदात सासूबाई आमच्याकडे होत्या. सासऱ्यांची तिथ आली. वरण-भात, खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी असा साग्रसंगीत स्वयंपाक त्यांनी स्वतः उभं राहून करवून घेतला. पान वाढलं आणि मागच्या अंगणाच्या कुंपणावर ठेवलं. पाच मिनिटांत दोन रॅव्हन आले. सासूबाईंचा चेहरा फुलला. "अगं, इथले कावळे केवढे दांडगे! आणि किती लगेच शिवले! तुझे सासरे तृप्त आहेत हो." मी काही बोलले नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या डोक्यात वाळूवरचे खळगे. त्या क्षणी पक्षिशास्त्र काढणं मला निर्लज्जपणाचं वाटलं. खरं तर हे शहरातलं कुंपण, इथून किनारा लांब. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात कावळे आणि रॅव्हन गेल्या काही दशकांत वाढले ते अशाच हजारो कुंपणांवर, डब्यांवर आणि कचरापेट्यांवर. हे शहर त्यांचं कोठार आहे.

रात्री भांडी पुसताना मी विषय काढला. प्लव्हरचं, गोठ्यांचं, बापाने पिलं सांभाळण्याचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या दुखावतील. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कावळा नाही आला तर दर्भाचा करून पिंडाला लावतात, माहीत आहे ना तुला? आमच्या लहानपणी कोकणात पावसात कावळे यायचे नाहीत, तेव्हा भटजी दर्भाचाच कावळा करायचे. पुढच्या वर्षी तसं करू." इतक्या सहज. मी चाळीस वर्षं ज्या रूढीला घाबरून जपत होते, ती त्यांच्या हातात मऊ निघाली. मला जरा लाजही वाटली, त्यांना काय पटणार नाही हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं याची.

मग फडकं खुंटीला लावत त्यांनी विचारलं, "पण ती खीर तू त्याच गोठ्याच्या दुधाची केलीस ना?"

"हो, अहो आई."

"मग दर्भाच्या कावळ्याने काय साधणार?"

मी सांगितलं की ते गोठे आता बंद होत आहेत. त्या म्हणाल्या, मग दूध कुठून आणणार? सॅन होआकिन खोऱ्यातून येईल, मी म्हटलं. तिथे गोठे कैक पटींनी मोठे आहेत. तिथे चाऱ्याच्या शेतात ट्रायकलर्ड ब्लॅकबर्ड थव्यांनी घरटी करतात आणि कापणीचं यंत्र पिलं उडण्याआधी फिरलं तर सगळी वसाहत एका दुपारी जाते. शेतकऱ्यांना कापणी पुढे ढकलण्यासाठी पैसे द्यावे लागतात. हेही मी त्यांना सांगितलं, कारण आता अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता.

सासूबाईंनी बदामाच्या दुधाबद्दल त्यांचं मत स्पष्ट शब्दांत दिलं, ते इथे लिहीत नाही. पुढच्या तिथीला खीर करायची की नाही, केली तर कशाची, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. फोनवर दर आठवड्याला विषय निघतो. गेल्या रविवारी त्या म्हणाल्या, गुळवणी कर. गुळवणीला दूध थोडंच लागतं, मी म्हटलं. "थोडं म्हणजे किती, ते सांग," त्या म्हणाल्या.